नाडगौडांचा थर

"चार नंबर खोकतेय, मॅडम," पावसकर म्हणाले.

ते रेकॉर्डिंग रूमच्या दारातच उभे होते. आत यायचं नाही, एवढं त्यांना कुणीतरी कधीतरी शिकवलं असावं. केशरी सूटवरून पाणी गळत होतं, हातमोज्यांना ग्रीसचा वास येत होता. मी घड्याळाकडे पाहिलं. गुरुवार, दुपारचे दोन वाजून वीस मिनिटं. माझी शिफ्ट चारपर्यंत होती.

"खोकतेय म्हणजे?"

"म्हणजे बाकीच्या पाच गनचा एक ठोका पडतो आणि हिचा मागनं, फुटका. वर काढून बघायला पाहिजे. चार तास द्या मला."

मी स्क्रीनकडे बोट केलं. "सहाही दिवे हिरवे आहेत, पावसकर."

"दिवा काय, गनपर्यंत करंट पोचला की हिरवा होतो. मी मागच्या डेकवर उभा असतो. पायांना कळतं."

"पायांना," मी म्हटलं.

ते हसले नाहीत. "लॉगमध्ये तेवढं लिहा, मॅडम. तुम्ही लिहिलंत तर साहेब थांबवतील. मी तोंडी सांगून नाही थांबवणार."

"लिहिते."

ते गेले. मी लिहिलं नाही. रकान्यात 'सर्व ठीक' लिहून खाली सही केली.

आम्ही अंटार्क्टिकाच्या पूर्व किनाऱ्यासमोर होतो, बर्फाच्या कड्यापासून दीडेकशे किलोमीटरवर. काम सांगायला सोपं होतं. जहाजामागे सहा एअरगन पाण्यातून ओढत न्यायच्या आणि दर बारा सेकंदांनी त्यांतून दाबलेली हवा एकदम सोडायची. त्या धक्क्याचा आवाज दीड किलोमीटर खाली तळापर्यंत जातो, तळाखालच्या गाळात शिरतो, प्रत्येक थरावरून थोडा थोडा परत येतो. मागे सोडलेल्या लांबलचक केबलमधले मायक्रोफोन तो टिपतात आणि त्यातून गाळाचं उभं चित्र तयार होतं. आम्ही त्याला सेक्शन म्हणायचो. बर्फाची चादर कधी समुद्रात पुढे सरकली, कधी वितळून मागे हटली, ते सगळं त्या गाळात थरांवर थर होऊन पडलेलं असतं. आमचे सेक्शन पाहून एक आंतरराष्ट्रीय समिती ठरवणार होती, की पुढच्या वर्षी ड्रिलिंगचं जहाज कुठे न्यायचं.

मी अठ्ठावीस वर्षांची होते, डॉक्टरेट नुकतीच हातात आलेली. जहाजावरच्या एकतीस माणसांत आपल्याइतकं कुणाला कळत नाही अशी माझी खात्री होती, आणि वाईट म्हणजे ती बरीचशी खरी होती. पावसकर मालवणकडचे. आयटीआय करून पंचवीस वर्षं तेलकंपन्यांच्या सर्व्हे जहाजांवर गन दुरुस्त करत आलेले. ते 'प्रेशर'ला 'प्रेसर' म्हणत. माणसाबद्दल मत बनवायला तेव्हा मला एवढं पुरत असे.

पण पावसकरांबद्दल मला जे वाटे ते किरकोळ. माझा खरा तिरस्कार मी मोहिमेच्या प्रमुखांसाठी राखून ठेवला होता. डॉ. विश्वंभर नाडगौडा. स्वतः सेक्शन वाचून त्यांना पंधरा वर्षं झाली असतील. मधल्या काळात ते समित्यांवर बसले, समित्या नेमल्या, समित्यांचे अहवाल स्वीकारले. केप टाउन सोडल्यावर पहिले पाच दिवस ते केबिनमध्ये ओकत होते. सहाव्या दिवशी पहिला हिमनग दिसल्यावर बाहेर आले, गॉगल लावून कठड्याला टेकले आणि मला म्हणाले, "केंजळेबाई, तो मागे नीट येऊ द्या." मी त्यांचे अकरा फोटो काढले. एकही त्यांना आवडला नाही. रोज जेवताना ते मेसच्या टेबलावरून आम्हा तरुणांना 'विज्ञानातली नम्रता' या विषयावर बोलत, आणि बोलता बोलता शेजारच्याच्या ताटलीतला पापड उचलून खात.

हा माणूस आमच्या मोहिमेचा बाप होता.

शनिवारी सकाळी मी गुरुवार-शुक्रवारच्या माहितीचा कच्चा सेक्शन काढत होते. चित्र हळूहळू उतरायला लागलं आणि मी खुर्ची पुढे ओढली. समुद्रतळाच्या काळ्या रेषेखाली, एकशे वीस मिलिसेकंदांवर, म्हणजे साधारण शंभर मीटर खाली, तशीच दुसरी काळी रेषा होती. तळ वर गेला की तीही वर जायची. तळ खाली वळला की तीही वळायची. दोनशे किलोमीटर, कुठेही तुटलेली नाही, कुठे जाड नाही, कुठे पातळ नाही.

गाळ असा कधीच साचत नाही. प्रवाह येतात, उतार ढासळतात, एकीकडचं दुसरीकडे वाहून जातं. एवढी शहाणी रेषा समुद्राखाली नसते.

मला कळायला पाच मिनिटं लागली. एअरगन सुटली की पाण्यात हवेचा मोठा बुडबुडा होतो, तो आकसतो, पुन्हा फुगतो, आणि दुसरा धक्का देतो. सहा गन वेगवेगळ्या आकाराच्या ठेवतात, त्या नेमक्या एकाच वेळी सुटतात, म्हणून हे दुसरे धक्के एकमेकांत जिरून जातात. एक गन बिघडली की जिरत नाहीत. मग खालच्या प्रत्येक थराची एक सावली उमटते, ठरलेल्या अंतरावर. मी मागे जाऊन पाहिलं. ही रेषा गुरुवारी दुपारी एकच्या सुमाराला सुरू झाली होती.

पावसकरांचे पाय बरोबर होते.

तेव्हाच उठून सांगितलं असतं तर दोन दिवसांचं नुकसान झालं असतं आणि माझा थोडा अपमान. मी उठतही होते. तेवढ्यात नाडगौडा कॉफीचा मग घेऊन आत आले आणि माझ्या खांद्यावरून स्क्रीनकडे बघत राहिले.

"हे काय आहे?" त्यांनी विचारलं.

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. त्यांच्या मगमधली कॉफी माझ्या वहीवर सांडत होती, ती त्यांना दिसत नव्हती. मी तोंड मिटलं. मग म्हटलं, "तुम्हाला काय वाटतं, सर?"

त्यांचा चेहरा उजळला. कुणीतरी त्यांना पंधरा वर्षांनी हा प्रश्न विचारला होता.

"सलग आहे?"

"दोनशे किलोमीटर, सर."

"दोनशे!" त्यांनी मग माझ्या वहीवरच ठेवला. "केंजळेबाई, तुम्हाला कळतंय का हे काय आहे? बर्फ एका दमात मागे हटला. त्या वितळण्यात जी बारीक धूळ पाण्यात आली ती सगळीकडे सारखी बसली. चादरीसारखी. बघा ना, कशी चादरीसारखी बसलीय!"

"असू शकेल, सर."

"असू शकेल काय? आहे!"

ते चित्र घेऊन कॅप्टनकडे गेले. तासाभरात उरलेल्या तीन रेषा, म्हणजे गन ओढत जहाज ज्या सरळ वाटांवरून जाणार होतं त्या, रद्द झाल्या. त्यांतली एक रेषा एका जुन्या घळईच्या तोंडाशी साचलेल्या गाळाच्या टेकाडावरून जाणार होती; तिच्यासाठीच मुळात आम्ही इतक्या लांब आलो होतो. जहाज पूर्वेला वळलं. नाडगौडांचा थर जिथे जाईल तिथे आम्ही जाणार होतो. आणि तो थर आमच्याच शेपटीला बांधलेला असल्यामुळे आम्ही जिथे जाऊ तिथे तोही येणार होता.

मी काय करत होते ते मला नीट ठाऊक होतं. केप टाउनला जहाज लागलं की तिथेच, मेसमध्ये, समितीच्या अध्यक्ष प्रोफेसर हिल्डे ब्राट येऊन पहिला आढावा घेणार होत्या. नाडगौडा उभे राहणार, आपला थर दाखवणार. आणि मग मी उभी राहणार. केप टाउनपर्यंत मी त्या दृश्यावर जेवले. पापड उचलणारा तो हात मला रोज दिसे आणि मी मनात म्हणे, खा. थोडे दिवस राहिलेत.

रविवारी पावसकर पुन्हा दारात आले.

"मॅडम, लिहिलंत ना?"

"सांगितलंय मी."

"मग थांबवत का नाहीत? रबरी सील फाटलंय तिचं, पैजेवर सांगतो. असं ओढत राहिलो तर सगळा डेटा वाया जाईल."

"साहेब बघतायत. तुम्ही काळजी करू नका."

"काळजी नाही," ते म्हणाले. "काम आहे माझं ते."

मी हेडफोन कानाला लावले.

मंगळवारी, गन बिघडल्याच्या सहाव्या दिवशी, वाऱ्याने बर्फ आमच्याकडे ढकलला, समुद्र मिटायला लागला आणि आम्ही केबल गुंडाळून उत्तरेला निघालो. गन डेकवर आल्या तेव्हा पावसकरांनी चार नंबर उघडली आणि फाटलेलं सील मला आणून दाखवलं. परतीच्या वाटेवर नाडगौडांनी थराचं बारसं केलं. पेपरमध्ये त्याला 'एन-थर' म्हणायचं ठरलं. एन कशाचा, असं कुणी विचारलं की ते म्हणत, "न्यू."

केप टाउनला ऊन होतं. सकाळी दहाला ब्राट आल्या, साठीच्या, उंच, पायांत ट्रेकिंगचे बूट. मेसमधली टेबलं ओढून पडदा लावला होता. नाडगौडा चाळीस मिनिटं बोलले. मी मान्य करते, चांगलं बोलले. खोट्या गोष्टीवर इतकं सुरेख बोललेलं मी त्यानंतर पुष्कळदा ऐकलं आहे, पण ते पहिलं होतं. ब्राटनी तीनदा मान डोलावली. ड्रिलिंगची जागा पूर्वेला सरकवावी लागेल, असं त्या पुटपुटल्या.

"काही प्रश्न?" नाडगौडांनी विचारलं.

मी उभी राहिले.

माझ्याकडे दोनच चित्रं होती. आमची आठवी रेषा तिसऱ्या रेषेला एका ठिकाणी छेदून गेली होती. तीच जागा, तोच तळ. मंगळवारच्या तिसऱ्या रेषेत तिथे कुठलाही थर नव्हता. पुढच्या सोमवारच्या आठव्या रेषेत ठळक होता.

"सहा दिवसांत एवढा गाळ साचला असेल," मी म्हटलं, "तर हा खरोखरच मोठा शोध आहे."

कुणीतरी मागे फिसकन हसलं. ब्राट उठून पडद्याजवळ गेल्या, चष्मा कपाळावर चढवून दोन्ही चित्रं पाहिली आणि म्हणाल्या, "बबल." एवढंच.

त्या क्षणाचा आनंद मी नाकारत नाही. मी नाडगौडांकडे पाहिलं. मला त्यांना कोसळताना पाहायचं होतं.

ते कोसळले नाहीत. त्यांनी पाण्याचा घोट घेतला, ग्लास खाली ठेवला आणि इंग्रजीत म्हणाले, "डॉ. केंजळे यांचे मी आभार मानतो. अंतर्गत तपासणी म्हणतात ती हीच." जणू हे सगळं त्यांनीच ठरवून घडवलं होतं. "पण प्रश्न उरतो तो वेगळा. गन बिघडली हे तेव्हाच कळायला हवं होतं. सहा दिवस गेले, तीन रेषा गेल्या. मेकॅनिकला बोलवा."

पावसकर आले. धुतलेला निळा शर्ट, केस पाणी लावून बसवलेले. पुन्हा दारातच उभे राहिले. नाडगौडा मराठीत बोलायला लागले.

"चार नंबर बिघडलीय, हे तुम्हाला कधी कळलं?"

"गुरुवारी, साहेब. दुपारी."

"कळलं होतं? मग सांगितलं का नाही?"

"सांगितलं. मॅडमना सांगितलं, दोन वीसला. रविवारी परत सांगितलं."

नाडगौडांनी समोरचा लॉग उघडला, बोट फिरवत खाली आले. "गुरुवार. दोन ते चार. 'सर्व ठीक.' सही तुमची, केंजळेबाई. यांनी तुम्हाला सांगितलं होतं?"

ब्राटना मराठी कळत नव्हतं. त्या माझ्याकडे बघत भाषांतराची वाट पाहत होत्या.

हो म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न उघड होता. गुरुवारी तुम्हाला माहीत होतं, तर मग आजपर्यंत तुम्ही काय करत होता? आणि त्याचं खरं उत्तर असं होतं, की मी एका मूर्ख माणसाला उंच चढू देत होते, म्हणजे पडेल तेव्हा आवाज मोठा येईल. आणि त्यासाठी मी एक जहाज, एकतीस माणसं आणि तिथला एक अख्खा मोसम वापरला.

"मला तसं काही सांगितल्याचं आठवत नाही," मी म्हटलं.

नाडगौडांनी त्याचं स्वच्छ इंग्रजी केलं. ब्राटनी वहीत काहीतरी लिहिलं.

पावसकरांनी माझ्याकडे पाहिलं. त्यात राग नव्हता, नवलही नव्हतं. लोकांकडे ज्या नजरेनं मी आयुष्यभर पाहत आले होते, ती मला पहिल्यांदाच समोरून दिसली.

"मॅडमना आठवत नसेल तर राहू दे, साहेब," ते म्हणाले आणि निघून गेले.

दुपारी मी त्यांच्या केबिनपाशी गेले. पुढच्या फेरीत ते नसणार हे तोवर सगळ्यांना कळलं होतं. ठेकेदाराला फोन झाला होता, त्याच संध्याकाळचं विमान होतं. ते बॅग भरत होते. या वेळी दारात मी उभी होते.

"पावसकर, मी तेव्हा..."

"लिहायचं राहिलं असेल. होतं तसं घाईत." ते शर्टाच्या घड्या घालत होते. "मला एवढंच सांगा. तुम्हाला आठवतंय ना?"

"हो."

"झालं तर मग. मला वाटलं, मीच सांगितल्याचं स्वप्नात बघितलं की काय. वय झालं की होतं."

त्यांनी चेन लावली. मी तिथून हलत नव्हते म्हणून असेल, ते पुन्हा बोलले. "रविवारी साहेबांकडेपण गेलो होतो मी. तुमच्याकडून निघालो तो तडक तिकडेच. म्हटलं, गन खराब आहे, साहेब, तुमचा तो थर बघून घ्या एकदा. ते म्हणाले, पावसकर, तुम्ही तुमचं काम करा."

"साहेबांना माहीत होतं?"

"होतं तर."

"मग मघाशी बोलला का नाहीत?"

"बोलणार होतो," ते म्हणाले. "तुमचं ऐकलं, आणि म्हटलं, आता ह्या लोकांत कशाला."

त्यांनी बॅग उचलली. मला बाजूला व्हावं लागलं. नंतर बऱ्याच वर्षांनी कुणीतरी सांगितलं, की ते गावी होडीची इंजिनं दुरुस्त करतात. संशोधनाच्या जहाजावर त्यांना पुन्हा कुणी घेतलं नाही. घळईच्या तोंडावरची ती रेषा आम्हाला मिळाली ती सात वर्षांनी, आणि तोवर ड्रिलिंगचं जहाज दुसऱ्याच समुद्रात गेलं होतं.

मी वर डेकवर आले. डोकं तापलं होतं. म्हणजे नाडगौडा मूर्ख नव्हता. मी त्याला चढवत होते असं मला वाटत होतं, आणि तो सगळं जाणून, कुणी तपासणार नाही या हिशेबाने, आपणहून चढत होता. हे ब्राटना सांगितलं की संपलं. त्या अजून जहाजावरच होत्या, गँगवेच्या शिडीपाशी गाडीची वाट बघत उभ्या होत्या.

नाडगौडा कठड्याला टेकून उभे होते. मला पाहून त्यांनी हाक मारली.

"केंजळेबाई. या." ते बंदराकडे बघत होते. "'आठवत नाही' असं म्हणायला शिकण्यात माझी अकरा वर्षं गेली. आधी मी 'नाही' म्हणायचो. नाही म्हणणारा माणूस पकडला जातो. तुम्हाला पहिल्याच फटक्यात जमलं."

"सर, पावसकर तुमच्याकडे..."

"आला होता? असेल." त्यांनी माझ्याकडे मान वळवली. चेहऱ्यावर इतके दिवस न पाहिलेलं काहीतरी होतं, जवळजवळ जिव्हाळा. "मला आठवत नाही."

मला जे कळलं होतं ते वापरायचं, तर आधी मला आठवावं लागलं असतं.

"पुढच्या मोहिमेला उपप्रमुख म्हणून तुमचं नाव देतोय मी," ते म्हणाले. "हुशार माणसं फार कमी आहेत हो आपल्याकडे."

तेवढ्यात ब्राट आमच्याकडे आल्या. हातात वही उघडीच होती. गाडी आली होती, त्यांना घाई होती.

"डॉ. केंजळे, एक राहिलं," त्या म्हणाल्या. "अहवालात मी नुसतं 'मेकॅनिक' लिहिलंय. कुणाकडून चूक झाली ते नावासकट यायला हवं. काय नाव त्यांचं?"

नाडगौडा समुद्राकडे बघत होते.

"पावसकर," मी म्हटलं.

"स्पेलिंग सांगाल?"

मी एकेक अक्षर सावकाश सांगितलं. त्यांनी लिहून घेतलेलं मला वाचायला दिलं. मधला एक 'ए' राहिला होता, तो मी त्यांच्या पेनाने घातला.